उपाशीपोटी भान जातं तेव्हा



साखरेचा आजार म्हटलं की आपल्याला वाढलेली साखरच आठवते. चहा बिनसाखरेचा घ्या, सकाळी चाला, गोळी चुकवू नका, हे आता गावोगाव पाठ झालं आहे. आज आम्ही उलट बाजूचं सांगणार आहोत. एखाद्या बाईला मधुमेह नाही, साखरेची कुठलीच गोळी ती घेत नाही, तरी उपाशीपोटी तिची साखर एकदम घटते, पुन्हा पुन्हा घटते, आणि त्यामागे पोटातली एक बारीकशी गाठ असते. आजार फार क्वचित होणारा आहे. दहा लाख माणसांत वर्षाला एक ते चार जणांना होतो. एवढ्या क्वचितच्या आजारावर बोलायचं कशाला, असं वर्षापूर्वी आम्हीही म्हटलं असतं. पण तो आमच्याच एका गटात निघाला. आणि तो निघेपर्यंत आम्ही त्या बाईशी कसं वागलो, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगणं आम्हाला बरं वाटत नाही.

तिचं नाव आणि गाव सांगणार नाही. तिची हरकत नाही, पण गाव लहान आणि तोंडं फार. आपण तिला ताई म्हणू.

ताई गटाची कोषाध्यक्ष होती. दहावीपर्यंत शिकलेली, हिशोबाला पक्की. कुणाचं कर्ज किती, हप्ते किती राहिले, वही न उघडता सांगायची. आमची आठवड्याची बैठक सकाळी, रानात जायच्या आधी. त्या बैठकीत हळूहळू घोळ व्हायला लागले. शंभराच्या नोटा ती तीनदा मोजायची आणि तीनदा वेगळा आकडा यायचा. एकीची बचत दुसरीच्या पासबुकात लिहिली गेली. एकदा अध्यक्षांवर काही कारण नसताना ओरडली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी कधी ओरडले?" आम्हाला वाटलं, नाटक करते. कुणी म्हटलं घरात कुरबुर आहे. कुणी दबक्या आवाजात म्हटलं, रोकडीत हात घालत असेल. शेवटी ठराव झाला आणि पेटीची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. तो ठराव आम्ही समन्वयकांनीच लिहायला लावला होता. त्याखाली तिची सही आहे, वाकडी, ओळीच्या खाली घसरलेली. तिचं अक्षर एरवी इतकं नेटकं, पण ती सही अशी का झाली हे आमच्यापैकी एकीलाही विचारावंसं वाटलं नाही.

घरचं आम्हाला पुढे कळलं. पहाटे ती उठायचीच नाही. पोरगा हलवून हलवून थकायचा, अंगातलं पोलकं घामानं चिंब, डोळे उघडे पण ओळख नाही. काहीबाही बडबडायची. मग सासूबाई तोंडात गुळाचा खडा कोंबायच्या, आणि थोड्या वेळाने ताई उठून चुलीपुढे बसायची, जसं काही झालंच नाही. एकदा हातपाय ताठ होऊन झटके आले तेव्हा दवाखान्यात नेलं. तिथे फिटच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या दोन वर्षं चालल्या. कुणी म्हणालं देवीचं वारं आहे, कुणी म्हणालं लागीर. आपल्या मराठवाड्यात भानामतीचं नाव निघायला तर वेळच लागत नाही. तीन अमावास्या एका देवऋषाकडे झाल्या. तेवढ्यात तिचं वजनही वाढत चाललं होतं, कारण काही खाल्लं की बरं वाटतं हे तिच्या अंगाला कळलं होतं. लोक म्हणायचे, आजारी बाई अशी अंगानं भरते होय?

मार्गशीर्षातला गुरुवार होता. बैठक उशिरा, दुपारी झाली. ताईचा उपवास होता. बोलता बोलता तिची जीभ अडखळली, घाम फुटला, आणि ती समोरच्या भिंतीकडे बघून हसायला लागली. योगायोगाने आशाताई त्या दिवशी बैठकीला होत्या आणि त्यांच्या पिशवीत साखर तपासायचं मशीन होतं. आधी हात धुऊन पुसला, मग बोटातून थेंब घेतला. मशीनवर आकडा आला ४१. उपाशीपोटी साखर साधारण ७० ते १०० असावी लागते. ताई अजून गिळू शकत होती, म्हणून साखरेचं पाणी हळूहळू पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ७८. ताईने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "सगळ्या माझ्याकडे काय बघताय?"

त्या दिवशी आशाताईंनी एक फार मोठं काम केलं. एका कागदावर तारीख, वेळ, शेवटचं खाणं कधी झालं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि ताई कशी वागत होती, एवढं लिहून ठेवलं. पुढे ज्या ज्या डॉक्टरांनी तो कागद बघितला, त्यांचं बोलणं तिथून बदललं. फिटच्या फाइलमधली ताई साखरेच्या फाइलमध्ये गेली ती त्या कागदामुळे.

याचं कारण असं की या आजाराची ओळख तीन गोष्टींवरून होते. उपाशी राहिल्यावर किंवा अंगमेहनत केल्यावर असा त्रास होणं, त्याच वेळी रक्तातली साखर खरोखरच कमी असणं, आणि साखर दिल्यावर त्रास जाणं. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३०च्या दशकात हे तीन निकष मांडले आणि डॉक्टर आजही तेच वापरतात. तिघांपैकी मधली गोष्ट हुकते, कारण पेशंट दवाखान्यात पोहोचेपर्यंत कुणीतरी चहा पाजलेला असतो आणि साखर नेहमीसारखी झालेली असते. मग रिपोर्ट चांगला येतो आणि बाई खोटी ठरते. त्रास चालू असतानाचा आकडा गावातच मिळू शकतो, शहरात तो मिळेलच असं नाही.

आता शरीरात काय होतं ते सांगतो. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे स्वादुपिंड नावाचा अवयव आडवा असतो. त्यातल्या बारीक पेशी इन्शुलिन तयार करतात. आपल्या गटाचा व्यवहार डोळ्यांपुढे आणा. जेवल्यावर रक्तात आलेली साखर म्हणजे हातात आलेली रोकड. इन्शुलिन ती रोकड यकृताच्या आणि स्नायूंच्या पेटीत जमा करतं. हातातली रोकड कमी झाली की जमा करणं थांबतं, पेटी उघडते आणि साखर परत रक्तात येते. म्हणून आपण रात्रभर झोपलो तरी सकाळी जिवंत आणि शुद्धीवर उठतो. या गाठीतल्या पेशी मात्र थांबत नाहीत. घरात मिठाला पैसे नसले तरी त्या जमा करतच राहतात आणि पेटीही उघडू देत नाहीत. या गाठीला इन्शुलिनोमा म्हणतात.

मेंदूला रोजच्या कामासाठी साखरच लागते, आणि साठवण त्याच्याकडे जवळजवळ नसते. म्हणून पहिला फटका तिथे बसतो. सुरुवातीला घाम, थरथर, छातीत धडधड, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक. मग एकाचे दोन दिसणं, बोबडं बोलणं, चिडणं, हसणं, ओळख न पटणं, झटके, बेशुद्धी. आणि नंतर काही आठवत नाही. साखर वारंवार घटत राहिली की आधीची घामाची, धडधडीची सूचना येईनाशी होते आणि बाई थेट गोंधळातच जाते. या पेशंटना वेडसर, दारू प्यालेले, फिटचे समजून वर्षानुवर्षं फिरवल्याचं जगभर घडलं आहे, फक्त आपल्याकडे नाही. आम्हाला याचा थोडा आधार वाटला, खोटं कशाला बोला.

थोडं मागचं सांगण्यासारखं आहे. इन्शुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातल्या टोरांटोत लागला आणि मधुमेहाच्या पेशंटना ते टोचायला सुरुवात झाली. जास्त टोचलं गेलं की माणसं घामाघूम होऊन बेशुद्ध पडायची. ते बघून अमेरिकेतले डॉक्टर सील हॅरिस यांनी १९२४ साली सांगितलं की इंजेक्शन न घेताही काही माणसांत असंच दिसतं, म्हणजे त्यांच्या शरीरातच इन्शुलिन जास्त तयार होत असावं. आणि १९२९ साली त्याच टोरांटोत रॉस्को ग्रॅहम नावाच्या सर्जननी अशी गाठ काढून पेशंट बरा केला. शंभरेक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, म्हणजे आजार कुणाला नवा नाही, उपायही नवा नाही.

साखर घटलेली दिसली की लगेच गाठ आहे असं मात्र धरू नका. आपल्या गावांत साखर घटण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे मधुमेहाचंच औषध. गोळी घेतली आणि जेवण चुकलं, इन्शुलिन टोचलं आणि रानात राबायला गेल्या, असं रोज कुठेतरी होतं. दुसरं, घरात सासूबाईंच्या ग्लिमेपिराइडच्या किंवा ग्लिबेनक्लामाइडच्या गोळ्या असतात आणि डोकेदुखीची समजून सून तीच घेते. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, त्यामुळे रक्ताच्या तपासणीत अगदी गाठीसारखंच चित्र दिसतं. म्हणून डॉक्टर विचारतात, घरात कोण कुठल्या गोळ्या घेतं? तेव्हा राग धरू नये. जाताना घरातली सगळी औषधं, रिकामी पाकिटं धरून, पिशवीत घालून न्यावीत.

उपाशीपोटी दारू, यकृताचा किंवा किडनीचा मोठा आजार, अंगात पसरलेला जंतुसंसर्ग, यांतही साखर घटते. आणि एक कारण फक्त बाईचं आहे. बाळंतपणात खूप रक्त गेलं तर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी नावाची ग्रंथी सुकते. अशा बाईला बाळंतपणानंतर दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, थकवा जात नाही, थंडी सहन होत नाही, आणि कधी साखर घटून ती बेशुद्ध पडते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात आणि त्याला गोळ्यांचा उपचार आहे. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिने डॉक्टरांना आपल्या बाळंतपणाची हकिकत मुद्दाम सांगावी. वीस वर्षांपूर्वीची असली तरी.

आता साखर घटल्यावर काय करायचं. बाई शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. ग्लुकोजची पूड असेल तर ती. गूळही चालतो, फक्त पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. बरं वाटलं की लगेच भाकरी-वरण, दूध, अंडं, असं टिकणारं काहीतरी खायला घाला, कारण गाठीचं काम चालूच असतं आणि नुसती साखर तासाभरात संपते. बाई बेशुद्ध असेल, झटके येत असतील, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, गूळ नाही, कांदा हुंगवणं नाही, दातात चमचा नाही. ते श्वासनलिकेत गेलं तर जीव जातो. तिला एका कुशीवर वळवा, आजूबाजूची चूल, विळी, दगड दूर करा आणि १०८ला फोन लावा. फोनवर "साखर घटली असावी" हे शब्द वापरा. शिरेतून ग्लुकोज दिलं की माणूस बहुधा काही मिनिटांत शुद्धीवर येतो. ताईच्या सासूबाईंनी बेशुद्धीत गुळाचे खडे भरवले आणि काही झालं नाही, हे नशीब. त्यांना आम्ही हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या.

मशीनबद्दल दोन बारक्या गोष्टी. बोटाला गूळ-साखर लागली असेल तर आकडा खोटा जास्त येतो, म्हणून हात धुऊन कोरडा करा. आणि फार कमी आकड्यांत या मशीनची थोडी चूक होते, म्हणून ते दाखवायला ठीक, निदानाला नाही. निदानासाठी शिरेतलं रक्त लॅबमध्ये लागतं. तेही वेळेत तपासायला हवं, कारण साध्या नळीत तासन्‌तास पडलेल्या रक्तातली साखर आपोआप कमी होत जाते.

ताईला आधी शहरातल्या फिजिशियनकडे आणि तिथून मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथे जी तपासणी झाली ती ऐकून गटात सगळ्या हसल्या होत्या. डॉक्टरांनी तिला उपास धरायला लावला! जास्तीत जास्त ७२ तासांचा, फक्त पाणी, आणि दर काही तासांनी रक्त. साखर ५५च्या खाली जाऊन त्रास सुरू झाला की त्याच क्षणी इन्शुलिन, सी-पेप्टाइड वगैरे तपासायला रक्त घेतात आणि लगेच ग्लुकोज देऊन उपास सोडवतात. ज्यांना गाठ असते त्यांची साखर बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांतच उतरते. ताईची अकराव्या तासाला उतरली. हा उपास रुग्णालयातच, पलंगावर आणि नर्सच्या नजरेखाली करायचा. "बघू या किती तास टिकतेस" म्हणून घरी हा प्रयोग कुणी करू नका.

सी-पेप्टाइड म्हणजे काय हे आम्हालाही दोनदा विचारावं लागलं. घरच्या रानातली तूर मळली की दाण्यासोबत भुसकट निघतं. बाजारातून डाळ आणली तर भुसकट नसतं. शरीर स्वतः इन्शुलिन तयार करतं तेव्हा त्याच्यासोबत सी-पेप्टाइड नावाचा तुकडा निघतो. बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनसोबत तो नसतो. साखर इतकी कमी असताना इन्शुलिनही जास्त आणि सी-पेप्टाइडही जास्त, आणि रक्तात मधुमेहाच्या गोळीचा अंश नाही, म्हणजे कारखाना घरातच आहे.

मग गाठ शोधायची. ही गाठ साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असते, कधी शेंगदाण्याएवढी, कधी लहान बोराएवढी. साध्या सोनोग्राफीत ती बऱ्याचदा दिसत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे गाठ नाही असं होत नाही. सीटी स्कॅन, एमआरआय करतात. त्यातही सापडली नाही तर तोंडातून दुर्बीण जठरापर्यंत नेऊन आतून सोनोग्राफी करतात, ती स्वादुपिंडाच्या अगदी शेजारून बघते. आणखी एक खास पेट स्कॅन आहे, त्यात गाठीच्या पेशींना चिकटणारं औषध टोचून ती उजळलेली बघतात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात एंडोक्रायनॉलॉजी, म्हणजे ग्रंथींच्या आजारांचा विभाग आहे. तिथल्या डॉक्टरांनी या गाठी शोधण्याच्या पद्धतींवर शास्त्रीय लेख लिहिलेले आहेत. केईएम महापालिकेचं आहे, आणि आपल्या धाराशिववरून लातूर-मुंबई गाडी रात्रीची मिळते. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण "असलं काही परदेशातच होत असेल" असं म्हणून ताईचे दीर दोन महिने अडून बसले होते.

ताईची गाठ सीटीत दिसली नाही, दुर्बिणीच्या सोनोग्राफीत दिसली. १४ मिलिमीटर, स्वादुपिंडाच्या शेपटीकडे.

ऑपरेशन हाच याचा खरा उपचार आहे. दहातल्या नऊ गाठी कॅन्सरच्या नसतात आणि बहुतेक जणींत गाठ एकच असते, म्हणून ती काढली की माणूस बरा होतो. गाठ वरवर आणि मुख्य नळीपासून दूर असेल तर वाटाणा सोलावा तशी तेवढीच काढतात. नळीला चिकटलेली किंवा शेपटीत खोल असेल तर शेपटीकडचा भाग काढतात, कधी त्यासोबत प्लीहाही काढावी लागते. प्लीहा काढायची असेल तर काही लसी आधी घ्याव्या लागतात, ते विचारून घ्या. ऑपरेशन चालू असताना सर्जन बोटांनी चाचपून आणि थेट स्वादुपिंडावर सोनोग्राफी लावून गाठीची जागा पक्की करतात. ऑपरेशन लहान नाही. स्वादुपिंडातला पाचक रस जखमेतून गळत राहणं हा त्यातला नेहमीचा त्रास, त्यासाठी नळी काही दिवस, कधी काही आठवडे ठेवावी लागते. ताईची नळी अठरा दिवस होती. नवरा बांधकामावर होता, त्याचे तेवढे दिवस बुडाले.

ऑपरेशन लगेच होणार नसेल, किंवा पेशंट ऑपरेशन सोसण्यासारखा नसेल, तर साखर टिकवायला औषधं आहेत. डायझॉक्साइड नावाचं औषध इन्शुलिन सुटणं आवरतं. त्याने पाय सुजतात, अंगावर आणि चेहऱ्यावर लव वाढते, मळमळतं. सूज येऊ नये म्हणून लघवी वाढवणारी गोळी सोबत देतात. ताईने ते तीन महिने घेतलं. चेहऱ्यावरची लव बघून ती रडली होती. औषध थांबल्यावर ती गेली. हे औषध प्रत्येक दुकानात मिळत नाही, त्यामुळे संपायच्या आठ दिवस आधी सोय करावी, आणि मनाने बंद करू नये. दुसरं म्हणजे ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन. ते काहींना लागू पडतं, पण काहींची साखर त्याने उलट आणखी घटते, म्हणून पहिला डोस रुग्णालयात देऊन बघतात. गाठ कॅन्सरची असून यकृतात पसरली असेल तर एव्हरोलिमससारख्या गोळ्या आणि इतर उपचार असतात, ते कॅन्सरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. अलीकडे काही मोठ्या रुग्णालयांत दुर्बिणीतून सुई घालून गाठ उष्णतेने जाळतात. ज्यांना मोठं ऑपरेशन झेपणार नाही त्यांनी हे विचारायला हरकत नाही.

आणि या सगळ्या काळात जेवण हेच औषध. ताईला दर दोन-तीन तासांनी थोडं खायचं होतं. तिची आई डब्यात अर्धी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली मटकी, दही असं भरून द्यायची. सतत पेढे-गोळ्या खाऊन भागत नाही. भूम-कुंथलगिरीचा पेढा कितीही चांगला असला तरी तो सणाला. रात्र सगळ्यात अवघड, कारण पोट आठ-दहा तास रिकामं. झोपताना थंड दुधात किंवा पाण्यात कच्चं कॉर्नफ्लॉवर, म्हणजे दुकानात मिळणारी ती पांढरी पूड, कालवून घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते पोटात सावकाश पचतं आणि साखर हळूहळू सोडतं. शिजवलं तर तो गुण जातो. किती घ्यायचं ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. शिवाय मोबाइलवर पहाटे तीनचा गजर, तेव्हा उठून एक वाटी दूध आणि दशमी. पोरगा गजराला उठायचा. बारा वर्षांचं पोर.

विहिरीवर एकटीने जायचं नाही, स्कूटी चालवायची नाही, चुलीपुढे कुणीतरी सोबत. पदराच्या गाठीत ग्लुकोजची पुडी. आणि उपवास बंद.

यावर घरात वाद झाला, तो तुमच्याही घरात होईल. आपला जिल्हा तुळजाभवानीचा. नवरात्रात नऊ दिवसांचे कडक उपवास धरणाऱ्या बाया आपल्यात कितीतरी. हरतालिका निर्जळी करतात. ताईने उपवास सोडला म्हणून देवी कोपेल, असं घरातल्या मोठ्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्यांच्या वाटण्याला हसून काही होत नाही. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. म्हणाल्या, उपवास मी धरते, ती घटाची माळ वाहील. आम्हाला हे कुठल्याही आरोग्य शिबिरातल्या भाषणापेक्षा पटलं. आणि नुसत्या उपवासाचंच कशाला बोलायचं? भूम, परंडा, वाशीकडच्या ज्या बाया ऊसतोडीला जातात, त्या पहाटे अंधारात उपाशीपोटी फडात उतरतात. घरीही बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते. अशात कुणाला घाम येऊन गरगरलं तर "अशक्तपणा" म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा तो अशक्तपणाच असतो. पण तीच बाई, तसाच गोंधळ, पुन्हा पुन्हा, आणि गोड दिल्यावर झटकन बरी, असं असेल तर एकदा त्या वेळची साखर बघा.

थोड्या पेशंटमध्ये, शंभरात साधारण पाच ते दहा जणांत, हा आजार घराण्यातून येतो. त्यात मानेतल्या पॅराथायरॉइड आणि मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतही गाठी होतात, गाठी एकापेक्षा जास्त असू शकतात. घरात कुणाला वारंवार मुतखडे, अशाच गाठी, असं काही असेल तर सांगावं. मग मुलांचीही तपासणी करतात.

खर्चाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचाराची सोय आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या ऑपरेशनचं नाव दाखवून ते योजनेत कसं बसतं ते भरती व्हायच्या आधी विचारा. नंतर विचारलं की धावपळ होते. तपासण्या, गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं खाणं हे वेगळं लागतंच. ताईला गटाने अंतर्गत कर्जातून रक्कम दिली, ग्रामसंघानेही हात दिला.

ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी ताईची साखर २१० झाली आणि घरचे घाबरले, आता मधुमेह झाला म्हणून. डॉक्टर म्हणाले, गाठ इतकी वर्षं एकटीच काम करत होती, बाकीच्या पेशी झोपून गेल्यात, त्यांना जागं व्हायला थोडे दिवस लागतील. आठवड्याभरात साखर जागेवर आली. फिटच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. पहाटे तीनचा गजर आता नाही. पोरगा तरी अजून कधी कधी त्या वेळेला उठून आईला हात लावून बघतो, असं ती सांगत होती.

मागच्या महिन्यात ती बैठकीला आली. आम्ही नवा ठराव लिहिला. जुन्या ठरावातला हिशोबातल्या निष्काळजीपणाचा शेरा आजारामुळे होता, तो रद्द करण्यात येत आहे, असा. सगळ्यांनी सह्या केल्या, तिनेही केली, ओळीवर. किल्ली मात्र तिने घेतली नाही. आत्ताच्या कोषाध्यक्ष नीट काम करतायत, वर्ष संपेपर्यंत त्यांच्याकडेच राहू द्या म्हणाली. मग वही पुढे ओढून तिने त्या महिन्याची बेरीज तपासली आणि वीस रुपयांची चूक काढून दिली.